तकरीर संपल्यानंतर

आपल्याकडे कॉलेजच्या जलशाला किंवा गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्काराला प्रमुख पाहुणे बोलावण्याची रीत जुनी आहे. सुरुवातीला तिलावत होते. पाहुण्यांना शाल आणि पुष्पगुच्छ दिला जातो. मग ते बोलायला उभे राहतात. कौमला डॉक्टर हवेत, वकील हवेत, कलेक्टर हवेत, उद्याचे नेते तुमच्यातूनच निघणार आहेत, असे सांगतात. टाळ्या पडतात, आभार मानले जातात, मंडपवाला खुर्च्या आवरायला लागतो. दुसऱ्या दिवशी एखाद्या मुलाला विचारावे, 'काल पाहुणे काय म्हणाले?' तर उत्तर मिळते, 'चांगले बोलले.' काय बोलले, ते बहुधा त्याला सांगता येत नाही.

दोष पाहुण्यांचा की मुलांचा, या वादात शिरण्याचे कारण नाही. मूळ प्रश्न असा आहे, की भाषण ऐकून तरुण माणूस खिदमतीला लागतो का? लागत असेल, तर कोणत्या भाषणाने आणि कशामुळे? आजच्या जलशांवरून याचे उत्तर मिळणार नाही, कारण त्यांचा परिणाम दिसायला वीस-तीस वर्षे जावी लागतील. इतिहासात मात्र एक उदाहरण असे आहे, की ज्याचा पुढचा सारा हिशेब आपल्यासमोर आहे. ते उदाहरण म्हणजे जामिया मिल्लिया इस्लामिया. ही संस्था पाहुण्यांच्या भाषणांतून जन्माला आली. पण ती टिकली ती वेगळ्याच कारणाने. ते कारण समजून घेण्यासाठी हा लेख.

अलीगढचा ऑक्टोबर

सर सय्यद अहमद खान यांनी १८७५ मध्ये अलीगढला मदरसा सुरू केला आणि जानेवारी १८७७ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या हस्ते मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजची पायाभरणी झाली. १८५७ नंतर खचलेल्या समाजाला इंग्रजी शिक्षणाकडे वळवायचे आणि सरकारशी जुळवून घेत त्याला पुन्हा उभे करायचे, हे सर सय्यद यांचे धोरण होते. त्या काळात ते शहाणपणाचेच होते. या कॉलेजात वक्तृत्वाला मोठा मान असे. १८८४ मध्ये तेथे सिडन्स युनियन क्लब निघाला आणि वादविवादाची परंपरा रुजली. म्हणजे चांगले भाषण ऐकणे ही अलीगढच्या मुलांना नवलाची गोष्ट नव्हती.

१९२० साली देशाचे वातावरण तापलेले होते. जालियनवाला बागेची जखम ताजी होती. महायुद्धात हरलेल्या तुर्कस्तानवर ऑगस्ट १९२० मध्ये सेव्हरचा तह लादला गेला होता आणि खिलाफतीच्या प्रश्नाने हिंदुस्थानातला मुसलमान अस्वस्थ झाला होता. गांधीजींनी असहकार पुकारला. त्या कार्यक्रमात एक कलम असे होते, की सरकारी अनुदानावर चालणाऱ्या शाळा-कॉलेजांतून विद्यार्थ्यांनी बाहेर पडावे.

हे कलम घेऊन १२ ऑक्टोबर १९२० रोजी गांधीजी आणि अली बंधू अलीगढला आले. मौलाना शौकत अली आणि मौलाना मोहम्मद अली हे दोघेही याच कॉलेजचे जुने विद्यार्थी. शौकत अली तर एके काळी तेथील क्रिकेट संघाचे कप्तान होते. मागणी सरळ होती. कॉलेजच्या विश्वस्तांनी सरकारी अनुदान नाकारावे. ते नाकारत नसतील, तर मुलांनी कॉलेज सोडावे.

मागणी सरळ होती म्हणून ती सोपी होती असे नव्हे. समोर बसलेल्या मुलांच्या घरी त्यांच्या नोकरीची वाट पाहिली जात होती. तहसीलदारी, डेप्युटी कलेक्टरी, वकिली, हीच अलीगढच्या पदवीची किंमत होती. गांधीजींच्या भाषणाने ही सभा भारावून गेली नाही. काही मुलांनी तर त्यांची थट्टा केली.

झाकिर हुसेन त्या दिवशी अलीगढमध्ये नव्हते. ते तेव्हा तेवीस वर्षांचे होते, एम. ए. चा अभ्यास करीत होते आणि कॉलेजात थोडे शिकवतही होते. प्रकृतीच्या कारणाने ते डॉ. मुख्तार अहमद अन्सारी यांना दाखवायला दिल्लीला गेले होते. परत आले तेव्हा स्टेशनवरच काही मुले गांधीजींच्या भाषणाची चेष्टा करताना त्यांनी ऐकली. त्या चेष्टेने त्यांना शरम वाटली. दुसऱ्या दिवशी अली बंधू पुन्हा बोलले आणि ती भाषणे त्यांनी स्वतः ऐकली. मन हलले.

इथपर्यंतची हकीकत नेहमीचीच आहे. मन हलणे हा भाषणाचा धर्मच आहे. वेगळे घडले ते यापुढे. झाकिर हुसेन तडक दिल्लीला गेले आणि हकीम अजमल खान, डॉ. अन्सारी व मोहम्मद अली यांना भेटले. त्यांच्या म्हणण्याचा मतलब असा होता, की कॉलेज सोडा असे आपण सांगता, पण सोडून मुलांनी जायचे कुठे? आपण राष्ट्रीय शिक्षणाची संस्था काढणार असाल, तर मुले बाहेर पडतील. म्हणजे विद्यार्थ्याने पाहुण्यांना होकार दिला, पण त्याबरोबर त्यांच्यावर एक जबाबदारीही टाकली. जामियाचा खरा पाया या प्रश्नात आहे, असे मला वाटते. पुढे आयुष्यभराच्या कामाकडे वळून पाहताना झाकिरसाहेबांनी सांगितले, की अलीगढ सोडण्याचा निर्णय हा त्यांच्या जीवनातला जाणीवपूर्वक घेतलेला पहिला निर्णय होता आणि बाकीचे सारे त्यातूनच ओघाने आले.

२९ ऑक्टोबर १९२० हा जुम्याचा दिवस. अलीगढ कॉलेजच्या मशिदीत नव्या संस्थेची स्थापना झाली. स्थापनेसाठी बोलावले होते देवबंदचे शेखुल हिंद मौलाना महमूद हसन यांना. इंग्रजांनी त्यांना माल्टा बेटावर कैदेत ठेवले होते आणि ते काही महिन्यांपूर्वीच सुटून आले होते. प्रकृती पार ढासळलेली होती. त्यांचे भाषण त्यांच्या शिष्याने, मौलाना शब्बीर अहमद उस्मानी यांनी वाचून दाखवले. त्यात त्यांनी असे म्हटले होते, की ज्या दुःखाने माझी हाडे झिजत आहेत, त्यात सहभागी होणारे मला मदरसे आणि खानकाहांपेक्षा शाळा-कॉलेजांत जास्त दिसले. एका मोठ्या आलिमाने इंग्रजी शिकणाऱ्या मुलांवर इतका विश्वास टाकावा, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. पुढच्याच महिन्यात, ३० नोव्हेंबर रोजी मौलानांचे निधन झाले.

हकीम अजमल खान जामियाचे पहिले अमीर-ए-जामिया झाले आणि मोहम्मद अली पहिले शेखुल जामिया. त्याच हवेत गुजरात विद्यापीठ, काशी विद्यापीठ आणि १९२१ मध्ये पुण्याचे टिळक महाराष्ट्र विद्यापीठ उभे राहिले. भाड्याचे बंगले आणि तंबू यांत जामियाचे वर्ग भरू लागले.

जोश ओसरल्यावर

भाषणाची कसोटी पुढे लागते. फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौरानंतर गांधीजींनी असहकार थांबवला. मार्च १९२४ मध्ये खुद्द तुर्कांनीच खिलाफत रद्द केली. ज्या दोन कारणांसाठी मुले घराबाहेर पडली होती, ती दोन्ही कारणे साडेतीन वर्षांत संपली. खिलाफत कमिटीकडून येणारा पैसा आटला. काही मुले आपल्या जुन्या वाटेला परत गेली. त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. अलीगढ कॉलेज डिसेंबर १९२० मध्ये विद्यापीठ झाले होते आणि सर सय्यद यांचे काम आपल्या परीने चालूच होते.

जामिया बंद करावी काय, याचा विचार करण्यासाठी जानेवारी १९२५ मध्ये दिल्लीत बैठक झाली. हकीम अजमल खान संस्था चालू ठेवण्याच्या बाजूने उभे राहिले. पैशांसाठी लागल्यास आपण झोळी घेऊन फिरू, असा धीर गांधीजींनी दिला. त्या वर्षी जामिया अलीगढहून दिल्लीच्या करोलबागेत आली. झाकिर हुसेन तेव्हा बर्लिनमध्ये अर्थशास्त्राची डॉक्टरेट करीत होते. आम्ही येईपर्यंत जामिया बंद करू नका, आम्ही आपले आयुष्य तिला द्यायला तयार आहोत, असे त्यांनी आणि त्यांच्या दोन मित्रांनी तिकडून कळवले. हे मित्र म्हणजे आबिद हुसेन आणि मोहम्मद मुजीब.

१९२६ च्या सुरुवातीला हे तिघे परत आले. झाकिरसाहेब शेखुल जामिया झाले आणि १९४८ पर्यंत, म्हणजे बावीस वर्षे, त्या पदावर राहिले. डिसेंबर १९२७ मध्ये हकीम अजमल खान गेले. संस्थेचा मोठा आधार तुटला. तेव्हा, १९२८ मध्ये, जामियाच्या शिक्षकांनी अंजुमन-ए-तालीम-ए-मिल्ली ही संस्था केली आणि तिच्या सभासदांनी शपथ घेतली, की वीस वर्षे जामियाची सेवा करू आणि महिना दीडशे रुपयांपेक्षा जास्त पगार घेणार नाही. तो पगारही वेळेवर मिळत नसे. जर्मनीची पदवी असलेला माणूस त्या काळी कुठेही मोठ्या हुद्द्यावर गेला असता.

या शपथेच्या वेळी टाळ्या वाजवायला मंडप नव्हता. १९२० च्या भाषणांची खरी फलश्रुती मात्र या शपथेत आहे. हमदर्दान-ए-जामिया नावाची एक योजना काढण्यात आली आणि लहान लहान वर्गणीदारांकडून पैसे गोळा होऊ लागले. हे काम ज्यांनी अंगावर घेतले त्यांत शफीकुर्रहमान किदवाई होते. तेही १९२० मध्ये अलीगढ सोडून आलेले विद्यार्थी. पुढे १९३८ मध्ये त्यांनी प्रौढशिक्षणासाठी इदारा-ए-तालीम-ओ-तरक्की उभी केली आणि रोजच्या कष्टकऱ्याला अक्षरओळख करून देण्याचे काम केले. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये ते दिल्ली राज्याचे शिक्षणमंत्री झाले. नेतृत्व त्यांच्याकडे चालत आले, ते तीस वर्षांच्या खिदमतीनंतर.

झाकिरसाहेबांची एक आठवण जामियात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. मुले मळके बूट घालून वर्गात येत. सूचना देऊन उपयोग होईना. तेव्हा एके दिवशी शेखुल जामिया स्वतः ब्रश आणि पॉलिश घेऊन फाटकापाशी बसले आणि येईल त्या मुलाचे बूट पुसू लागले. कौमचा सरदार हा तिचा खिदमतगार असतो, असे आपण जलशात नेहमी ऐकतो. त्या मुलांना ते ऐकावे लागले नाही, दिसले.

दुरून आलेल्या दोन बाया

१ मार्च १९३५ रोजी ओखल्याला जामियाच्या नव्या इमारतीचा पाया घातला गेला. कोनशिला बसवायला कोणी नवाब किंवा नेता बोलावला नव्हता. संस्थेतल्या सर्वांत लहान विद्यार्थ्याच्या हातून ती बसवली गेली. पाहुण्यांचे महत्त्व जाणणाऱ्या संस्थेने त्या दिवशी पाहुणा टाळला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पाहुण्यांचे मात्र जामियाला वावडे नव्हते. डॉ. अन्सारी १९२८ पासून अमीर-ए-जामिया होते. बाल्कन युद्धाच्या वेळी, १९१२-१३ मध्ये, ते वैद्यकीय पथक घेऊन तुर्कस्तानला गेले होते आणि तेव्हापासून त्यांचे तिकडे संबंध होते. त्यांच्या प्रयत्नाने १९३३ मध्ये तुर्की नेते रऊफ बे व्याख्यानांसाठी आले, आणि १९३५ च्या सुरुवातीला आल्या हालिदे एदिब.

हालिदे एदिब हे नाव आपल्या वाचकांना फारसे परिचित नसेल. १८८४ मध्ये जन्मलेल्या या तुर्की लेखिकेने मे १९१९ मध्ये इस्तंबूलच्या सुलतान अहमद मैदानात परकीय आक्रमणाविरुद्ध हजारो लोकांपुढे भाषण केले होते. पुढे त्या अनातोलियात जाऊन राष्ट्रीय सैन्यात दाखल झाल्या, गणवेश चढवला, सार्जंटच्या हुद्द्यापर्यंत गेल्या. नंतर मुस्तफा कमाल यांच्याशी मतभेद झाले आणि १९२६ पासून त्या देशाबाहेर होत्या. जामियात आल्या तेव्हा त्या परागंदाच होत्या. स्वतःच्या शब्दाची किंमत मोजलेली बाई विद्यार्थ्यांपुढे बोलायला उभी होती.

त्यांची व्याख्याने इंग्रजीत झाली. पहिल्या व्याख्यानाला गांधीजी उपस्थित होते. एका व्याख्यानाचे अध्यक्षपद इक्बाल यांनी भूषविले. विषय होता तुर्कस्तानातील पूर्व आणि पश्चिम यांचा संघर्ष, आणि त्याच नावाने ती पुस्तकरूपाने निघाली. या प्रसंगाचे मोल समजण्यासाठी पंधरा वर्षे मागे जावे लागते. जामियाचा जन्म खिलाफतीच्या चळवळीत झाला. तुर्कस्तान म्हणजे काय, हे त्या वेळी मुलांना तकरिरींतून कळत होते. त्या चित्रात भावना जास्त आणि माहिती कमी होती. आता त्याच देशातून आलेली एक मुसलमान स्त्री त्यांना सांगत होती, की आमच्याकडे राज्य, धर्म, कायदा आणि स्त्रियांचे जीवन यांत प्रत्यक्ष काय काय झाले, कोणता बदल आतून आला आणि कोणता वरून लादला गेला. तिने आपल्या देशाची नुसती वाहवा केली नाही आणि ज्या राजवटीने तिला दूर ठेवले होते तिला शिव्याही दिल्या नाहीत. श्रोत्यांना खूश करण्यापेक्षा त्यांना शहाणे करणे तिला महत्त्वाचे वाटले. पुढे 'इनसाइड इंडिया' या १९३७ च्या पुस्तकात हालिदे एदिब यांनी जामियाबद्दल आस्थेने लिहिले. आपल्या जलशांच्या व्यासपीठावर पाहुणी म्हणून बाई आजही क्वचित दिसते. ही गोष्ट १९३५ ची आहे, हे सांगितलेले बरे.

दुसरी बाई व्यासपीठावर फारशी आलीच नाही. गेर्डा फिलिप्सबोर्न ही जर्मनीतील ज्यू कुटुंबातली स्त्री. बर्लिनमध्ये झाकिर हुसेन आणि त्यांच्या मित्रांशी तिची ओळख झाली होती. जामियाच्या स्वप्नाविषयी तिने तेव्हा ऐकले होते. १९३२-३३ च्या हिवाळ्यात ती दिल्लीला आली आणि लहान मुलांचे वसतिगृह आणि शाळा यांच्या कामात गढून गेली. मुले तिला आपाजान म्हणत. दुसऱ्या महायुद्धात जर्मन म्हणून इंग्रज सरकारने तिला काही काळ नजरकैदेतही ठेवले. सुटल्यावर ती जामियातच परतली. १९४३ मध्ये कर्करोगाने तिचे निधन झाले आणि जामियाच्या कब्रस्तानात तिला दफन करण्यात आले. पाहुणी म्हणून आलेली माणसे बोलून परत जातात. ही पाहुणी कामाला लागली आणि घरचीच झाली.

वर्ध्याला गेलेला पाहुणा

आता आपल्या मुलखाकडे यावे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. अध्यक्ष गांधीजी. त्यांनी मुलांना हस्तोद्योगातून शिक्षण द्यावे आणि त्या उद्योगाच्या उत्पन्नातून शाळेचा खर्च निघावा, अशी कल्पना मांडली होती. परिषदेसाठी बोलावलेल्या शिक्षणतज्ज्ञांत झाकिर हुसेन होते. सतरा वर्षांपूर्वी ज्यांच्या हाकेवर त्यांनी कॉलेज सोडले, त्यांच्याच घरी ते आता पाहुणे वक्ते होते.

अशा वेळी बहुतेक जण काय बोलले असते, हे सांगायला नको. झाकिरसाहेब उभे राहिले आणि त्यांनी अदबीने पण स्पष्ट सांगितले, की ही कल्पना अगदी नवी नाही. अमेरिकेत आणि रशियात कामातून शिक्षण देण्याचे प्रयोग झालेले आहेत. शाळेने स्वतःचा सगळा खर्च काढलाच पाहिजे असा आग्रह धरला, तर शिक्षक मुलांकडून राबवून घेतील आणि शिक्षण बाजूला पडेल, असा धोकाही त्यांनी दाखवला. यावर गांधीजी रागावले नाहीत. त्यांनी योजना तयार करण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद याच माणसाला दिले. समितीत विनोबा, काका कालेलकर, किशोरलाल मश्रुवाला, कुमारप्पा, ख्वाजा गुलाम सय्यदैन अशी मंडळी होती. २ डिसेंबर १९३७ रोजी अहवाल सादर झाला. नई तालीम म्हणून जी योजना ओळखली जाते, ती या अहवालातली. नंतर स्थापन झालेल्या हिंदुस्तानी तालिमी संघाचेही झाकिरसाहेब अध्यक्ष झाले.

याचे मोल त्यांना चुकवावे लागले. मुस्लिम लीगने वर्धा योजनेवर टीकेची झोड उठवली. त्याच सुमारास मध्य प्रांताच्या सरकारने 'विद्यामंदिर' या नावाची शाळांची योजना काढली आणि नावावरूनच मुसलमानांत नाराजी पसरली. दोन्ही योजनांची लोकांच्या मनात गल्लत झाली. इकडे गांधीजींना खटकेल ते बोललेला माणूस तिकडे आपल्याच लोकांच्या रोषाला पात्र ठरला. खिदमत करणाऱ्याच्या वाट्याला हे नेहमीच येते. नेता व्हायचे आहे असे ज्या मुलांना वाटते, त्यांना आपण मोठ्या पदांची उदाहरणे देतो, वर्ध्याचे हे उदाहरण देत नाही.

यजमानाचे भाषण

जामियाचा रौप्यमहोत्सव नोव्हेंबर १९४६ मध्ये साजरा झाला. देशाची स्थिती भयंकर होती. ऑगस्टमध्ये कलकत्त्यात कत्तली झाल्या होत्या, त्यानंतर नोआखाली, आणि बिहारमध्ये तर त्याच दिवसांत माणसे मारली जात होती. अशा वेळी जामियाच्या व्यासपीठावर एका बाजूला जवाहरलाल नेहरू, मौलाना आझाद आणि राजगोपालाचारी, तर दुसऱ्या बाजूला महंमद अली जीना, फातिमा जीना आणि लियाकत अली खान बसलेले होते. एकमेकांशी धड बोलायलाही तयार नसलेले हे नेते एका शाळेच्या समारंभाला एकत्र आले, यातच त्या शाळेची पुण्याई दिसते.

त्या दिवशी पाहुण्यांनी विद्यार्थ्यांना उपदेश करण्याऐवजी यजमानानेच पाहुण्यांना सुनावले. झाकिरसाहेब त्यांना उद्देशून म्हणाले, की आपण राजकारणाच्या आकाशातले तारे आहात, लाखो लोकांचे प्रेम आपल्याला लाभले आहे. देशात द्वेषाची आग लागली आहे. ती कोणी लावली याची चौकशी करण्याची ही वेळ नाही, आधी ती विझवा. माणसांचे पशू होत असताना आम्ही शिक्षकांनी मुलांना माणूस कसे बनवायचे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. १९२० मध्ये स्टेशनवरची थट्टा ऐकून शरमलेला मुलगा सव्वीस वर्षांनी देशाच्या सगळ्या पुढाऱ्यांना त्यांच्या तोंडावर त्यांचे कर्तव्य सांगत होता. हा अधिकार त्यांना त्या सव्वीस वर्षांच्या कामाने दिला होता.

आग विझली नाही. ऑगस्ट १९४७ मध्ये काश्मीरकडे जाताना जालंधर स्टेशनवर झाकिरसाहेब जमावाच्या हाती सापडले. एका शीख लष्करी अधिकाऱ्याने आणि एका हिंदू रेल्वे अधिकाऱ्याने त्यांचा जीव वाचवला. सप्टेंबरमध्ये दिल्ली पेटली तेव्हा करोलबागेतील जामियाची मालमत्ता आणि मक्तबा जामियाची पुस्तके जळाली. पंचवीस वर्षांत जमवलेले पुस्तकांचे भांडार गेले. पण पुराना किल्ला आणि हुमायूनचा मकबरा येथे हजारो निराधार मुसलमान जमा झाले, तेव्हा त्या छावण्यांत काम करायला जामियाची माणसे धावली. त्यांना तेव्हा कोणाच्या तकरिरीची वाट पाहावी लागली नाही.

१९४८ मध्ये झाकिरसाहेब अलीगढ विद्यापीठाचे कुलगुरू झाले. जे कॉलेज त्यांनी तरुणपणी सोडले, त्याच्या पडत्या काळात ते सावरायला ते परत गेले, आणि जामियाची धुरा मुजीबसाहेबांनी उचलली. ते १९७३ पर्यंत शेखुल जामिया राहिले. झाकिरसाहेब पुढे बिहारचे राज्यपाल, उपराष्ट्रपती आणि १९६७ मध्ये राष्ट्रपती झाले. आपण मुलांना हा शेवटचा भागच सांगतो. त्याआधीची बावीस वर्षे, अडकलेला पगार, वर्गणीच्या पावत्या आणि फाटकापाशी पुसलेले बूट सांगत नाही. म्हणून आपल्या मुलांना नेतृत्व म्हणजे खुर्ची वाटते.

हा इतिहास सांगताना आजच्या जलशांची हेटाळणी करण्याचा माझा हेतू नाही. पाहुणे बोलवावेत, जरूर बोलवावेत. १२ ऑक्टोबर १९२० रोजी कोणी अलीगढला आलेच नसते, तर पुढचे काहीच घडले नसते. पण त्या दिवशी भाषण ऐकणारी मुले शेकड्यांनी होती आणि आयुष्य देणारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी निघाली. त्या थोड्यांनी टाळ्या वाजवून समाधान मानले नाही. ते वक्त्यांच्या दारी गेले, त्यांना अडचणीचा प्रश्न विचारला, आणि त्याचे उत्तर शोधण्याचे काम स्वतःच्या शिरावर घेतले. पाहुणेही असे होते, की विद्यार्थ्याच्या प्रश्नाने त्यांचा अपमान झाला नाही. हकीम अजमल खान यांनी त्या प्रश्नासाठी आपली उरलेली सात वर्षे खर्च केली.

तेव्हा पाहुणे निवडताना त्यांचा हुद्दा पाहण्याआधी त्यांनी काय सोसले आणि काय उभे केले, ते पाहावे. त्यांना तासभर बोलायला लावण्यापेक्षा अर्धा तास बोलायला आणि अर्धा तास ऐकायला सांगावे. मुलांना वर्ध्यासारखे अदबीने असहमत होऊ द्यावे. जमल्यास पाहुण्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलवावे, कारण झाकिर हुसेन यांचे मन दुसऱ्या दिवशी हलले होते.

आणि घरी आल्यावर मुलगा किंवा मुलगी म्हणाली, की पाहुणे चांगले बोलले, तर त्यावर आपण एवढेच विचारावे : 'मग तू त्यांना काय विचारलेस?'